ठराव क्रमांक नऊ

टाऊन हॉलच्या तळघरात, बर्फाच्या फावड्यांमागे
सात वह्या निघाल्या.
माझं काम त्या स्कॅन करायचं, तासाला अठरा डॉलर,
आणि दमट हवा ओढणाऱ्या यंत्राची बादली भरली
की ओतून यायचं.

पहिली वही मी उलटीच धरली होती.
अक्षरं म्हणजे एका कुशीवर झोपलेलं काटेरी कुंपण,
न आणि म आणि उ, सगळी एकाच आईची.
वडिलांच्या ट्रंकेत मोडीतल्या कागदांची चळत होती,
ती आठवली.
कुणाला वाचता आली नाही, कुणाला टाकवली नाही.

मंगळवारी एल्फ्रीडा श्टुकेनब्रोक यायच्या,
वय ब्याण्णव, हातात भिंग आणि आल्याची बिस्किटं.
ही लिपी वाचणाऱ्या गावात त्या एकट्या उरलेल्या.
बोट ठेवून जर्मन वाचायच्या, इंग्रजीत सांगायच्या,
माझ्यापर्यंत येताना त्याचं मराठी व्हायचं:

१८७३. लुडेकेचं डुक्कर टिट्कीच्या कोबीत शिरलं. दंड चाळीस सेंट.
१८७४. पुलाला ओकच्या तेरा फळ्या.
१८७९. घटसर्प.
पुढे अकरा नावं आणि वयं. ठराव नाही.
१८८१. पुन्हा डुक्कर. दंड साठ.

गावाचं नाव तेव्हा एशेनताल,
ॲशच्या झाडांची दरी.
विस्कॉन्सिनच्या नकाशावर माशी बसली तर झाकलं जाईल एवढं.

मग एप्रिल १९१८.
हात तोच, शाई तीच,
पण अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी सुटी सुटी,
आणि भाषा इंग्रजी.
क्रियापदं मात्र वाक्याच्या टोकाला जाऊन बसलेली,
आपली बसतात तशी.
त्या पानावर मला पहिल्यांदा
कुणी ओळखीचं भेटल्यासारखं झालं.

कौंटीचं पत्र वाचण्यात आलं.
नाव बदला, नाहीतर आम्ही बदलू.
सोबत यादी: लिबर्टी, व्हिक्टरी, युनियन.
ठराव क्रमांक नऊ.
आजपासून गावाचं नाव ॲश व्हॅली.
सूचक टिट्की, अनुमोदक लुडेके.
डुकराचं वैर त्या रात्रीपुरतं तरी मिटलं असावं.

कौंटीच्या साहेबांना वाटलं, ऐकलं.
एल्फ्रीडाबाई हसल्या, बिस्किटाचा चुरा वहीवर सांडला.
"कोट तोच गं. अस्तर बाहेर करून घातला."

मग हसू थांबलं.
त्यांच्या आईने शाळेत भुकेला भूक म्हटलं होतं,
तिच्या भाषेत,
आणि हातावर पट्टी बसली होती.
म्हातारपणी भाकरी मागतानाही
ती आधी दाराकडे बघायची.

माझ्या आडनावात एक गाव आहे.
बाभुळगावकर.
कुठलं बाभुळगाव, वडिलांनाही ठाऊक नव्हतं.
नकाशावर सतराएक सापडतात,
कुठल्याच एसटीतून आम्ही कधी उतरलो नाही.
इथे टेबलावरच्या पाटीवर नुसतं मिसेस बी.
मला कुणी पत्र पाठवलं नव्हतं.
मीच सांगितलं होतं, तेवढं पुरे.

बाहेर बर्नेल टिट्की करवत चालवतोय.
हिरवा किडा आलाय, ॲशची सालीखालून चाळण झालीय,
चर्चच्या रांगेतली नऊ उभी आहेत,
तीही फक्त उन्हाळ्यापुरती.
गुरुवारच्या सभेत विषय निघाला,
की दरीत ॲश उरलं नाही तर पाटीचं काय?
इतिवृत्तात मी टाइप केलं: चर्चा झाली.
चर्चा झाली नव्हती. सगळे कॉफीकडे बघत होते.

शेवटच्या मंगळवारी एल्फ्रीडाबाईंनी
माझं पूर्ण नाव विचारलं,
तीनदा म्हणवून घेतलं, बाभूळ म्हणजे काय तेही,
आणि बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर
त्यांच्या त्या काटेरी लिपीत लिहून दिलं.

झाकण खिडकीत ठेवलंय.
मला ते वाचता येत नाही.
त्यांनी सांगितलंय की
ती मीच आहे.